डीमॅन्युफॅक्चर की स्ट्रीटक्लीनर? डेथ मेटलवाल्याने इंडस्ट्रियलमधली पहिली रेकॉर्ड कुठली घ्यायची

एकच रेकॉर्ड घ्यायचीय, डेथ मेटल (गुरगुरत्या आवाजाचं जड, फास्ट मेटल) आणि इंडस्ट्रियल (कारखान्यासारख्या, मशीनच्या आवाजांचं संगीत) असं मिक्स हवंय, आणि डोक्यात फियर फॅक्टरीचा डीमॅन्युफॅक्चर आणि गॉडफ्लेशचा स्ट्रीटक्लीनर ही दोन नावं फिरतायत, अशी ज्याची अवस्था असेल त्याच्यासाठी हे लिहितोय. आमच्या ग्रुपमधला एक जण नाशिकच्या अंबडला कारखान्यात प्रेस शॉपमध्ये (पत्रा दाबायच्या मशीनवर) आहे, डेथ, ओबिच्युअरी, कॅनिबल कॉर्प्स हे सगळे डेथ मेटल बँड कॉलेजपासून ऐकलेला, त्याने आत्ता रेकॉर्ड प्लेअर घेतलाय आणि घरून परवानगी आहे महिन्याला एका रेकॉर्डची, त्यामुळे प्रश्न सिरियस आहे. त्याला ग्रुपवर उत्तर टाइप करायला बसलो आणि ते एवढं वाढलं की म्हटलं नीटच लिहू.

स्ट्रीमिंगवर दोन्ही आहेत मग विचार कसला करायचा, असं कुणी म्हणेल. बरोबर आहे, आधी तिथेच ऐका. पण हे दोन्ही अल्बम असे आहेत की पहिल्या दहा मिनिटांत एक लगेच आवडतो आणि दुसरा बंद करावासा वाटतो, आणि सहा महिन्यांनी चित्र बदललेलं असू शकतं. त्यात नाशकात हे हातात घेऊन बघायला मिळेल असं दुकान माझ्या तरी बघण्यात नाही, ऑनलाइन मागवा नाहीतर मुंबई-पुण्याला जाणाऱ्या कुणाला तरी सांगा, इम्पोर्ट असल्याने किंमत पण अंगावर येते, म्हणून निवड आधी केलेली बरी.

माझं म्हणणं एवढंच आहे की या प्रकारात आवाज किती भारी आहे किंवा कोण किती ब्रूटल आहे हे बघू नका, मशीन नेमकी कुठे बसलीय ते बघा. माणूस मशीनसारखं वाजवतोय, का मशीनच वाजतेय आणि माणूस तिच्यापुढे ओरडतोय, का तयार डेथ मेटलवर मशीनचा रंग मारलाय. हे तीन वेगळे पदार्थ आहेत आणि दुकानात तिन्हींवर लेबल एकच असतं.

मग ड्रम्सपासूनच सुरू करू, कारण निर्णय तिथेच होतो.

डीमॅन्युफॅक्चर १९९५ चा, रोडरनर रेकॉर्ड्सचा, बँड लॉस एंजेलिसचा. ड्रम्स रेमंड हेरेराने वाजवलेत, म्हणजे जिवंत माणसाने, स्वतःच्या दोन पायांनी, आणि हे मुद्दाम सांगावं लागतं कारण नवीन ऐकणारा हमखास विचारतो की ही ड्रम मशीन कुठली. किकला, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमला, ट्रिगर लावलेले आहेत, फटका बसला की सेन्सर तो पकडतो आणि आधी ठरवलेला सँपल, म्हणजे रेकॉर्ड करून ठेवलेला आवाज, वाजवतो, त्यामुळे हळू मारलेली आणि जोरात मारलेली किक एकसारखीच कडक ऐकू येते. पण ट्रिगर आवाज देतो, टायमिंग देत नाही भो, टायमिंग त्याच्या पायाचंच आहे. आणि डीनो काझारेसची गिटार त्या किकला अशी चिकटलेली आहे की किक थांबली की रिफ (गिटारचा परत परत येणारा तुकडा) थांबते, किक तुटक झाली की रिफ तुटक होते. गणपतीत आपल्याकडे पथकाचे पन्नास ढोल एका टोल्यावर पडतात आणि मग सगळे एकदम थांबतात, त्या थांबण्यात पोटात जो खड्डा पडतो ना, तो खड्डा ही दोन माणसं मिळून पाडतात. टायटल ट्रॅक लावा, सुरुवातीला मशीन चालू झाल्यासारखे आवाज येतात आणि मग किक आणि गिटार एकत्र आत घुसतात, तिथे तुम्हाला कळेल मी काय म्हणतोय.

स्ट्रीटक्लीनरला सगळं उलटं. हा १९८९ चा, इअरेक रेकॉर्ड्सचा, बँड इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचा. तिथे ड्रमर नाहीच, ड्रम मशीन आहे, आणि ती ड्रम मशीन असल्याचं लपवायचा काडीमात्र प्रयत्न नाही. स्लो, जड, तोच तो पॅटर्न, एकदा सुरू झाला की गाणं संपेपर्यंत तिला कुणाचं काही देणंघेणं नाही. माणसं दोनच मुख्य, गिटार आणि आवाज जस्टिन ब्रॉड्रिकचा, बास जी. सी. ग्रीनचा, काही गाण्यांवर पॉल नेव्हिलची दुसरी गिटार. ब्रॉड्रिक तेव्हा जेमतेम विशीतला पोरगा होता हे लक्षात घेतलं की अजून विचित्र वाटतं, कारण आवाज आयुष्याला कंटाळलेल्या पन्नाशीच्या माणसाचा आहे.

आता गंमत बघा. हा ब्रॉड्रिक स्वतः ड्रमर होता. आधी नेपाम डेथमध्ये गिटारवर होता, त्यांच्या १९८७ च्या स्कम अल्बमची पहिली बाजू त्याच्या गिटारने वाजलीय, म्हणजे जगातलं सगळ्यात फास्ट संगीत जिथे चाललं होतं तिथे तो हजर होता. तिथून निघून तो हेड ऑफ डेव्हिड नावाच्या बँडमध्ये गेला, आणि तिथे ड्रम वाजवायचा. म्हणजे फास्ट येत होतं, ड्रम येत होते, आणि तरी स्वतःचा बँड जोमात आणताना त्याने स्लो केलं आणि ड्रम मशीनकडे दिले. नाइलाज म्हणून नाही, ठरवून.

आणि त्याच हेड ऑफ डेव्हिडचं डॉग डे सनराइज हे गाणं डीमॅन्युफॅक्चरवर आहे, कव्हर म्हणून, सहाव्या नंबरला. मूळ गाणं त्यांच्या १९८८ च्या डस्टबोल अल्बमवरचं, ज्यावर ड्रम्सला ब्रॉड्रिक आहे. त्यामुळे हे दोन अल्बम एकमेकांचे स्पर्धक आहेत असं धरून चालू नका, हे काका-पुतणे आहेत, फियर फॅक्टरीने घेतलं ते इथूनच. फक्त पुतण्या अमेरिकेत वाढला, जिमला गेला.

ड्रम्सचा विषय निघालाच आहे तर अजून एक. फियर फॅक्टरीने २०१२ ला द इंडस्ट्रियलिस्ट काढला आणि त्यावर खरोखरच ड्रम्स प्रोग्रॅम केले, ड्रमर नाहीच. ज्या बँडच्या ड्रमरला लोक वर्षानुवर्षं मशीन समजत होते त्यांनी एकदाची मशीन आणली, आणि लोक नाराज. पुढे २०२३ ला तोच अल्बम माइक हेलरच्या खऱ्या ड्रम्सवर री-इंडस्ट्रियलाइज्ड नावाने परत काढावा लागला. मला यात काहीच आश्चर्य वाटलं नाही, कारण त्यांची सगळी मजाच माणूस मशीनच्या किती जवळ जाऊ शकतो यात होती, माणूस काढला की उरतं काय, एक चांगलं एडिट केलेलं गाणं. गॉडफ्लेशला हा प्रॉब्लेम कधी आलाच नाही, त्यांनी पहिल्या दिवसापासून मशीनला मशीन म्हटलं.

गिटारबद्दल. डेथ मेटल ऐकून कान तयार झालेल्या माणसाला सवय असते की तीन मिनिटांत आठ रिफ येणार, मधे टेम्पो बदलणार, सोलो येणार. ती सवय दोन्हीकडे मोडते पण वेगवेगळ्या ठिकाणी. डीमॅन्युफॅक्चरवर सोलो नाहीत, रिफ कमी आहेत, पण जे आहेत ते पाम म्यूट करून (तळहाताने तारा दाबून) इतके कापून-छाटून ठेवलेत की दोन नोटांच्या मधली शांतता सुद्धा वाजवल्यासारखी वाटते. सेल्फ बायस रेझिस्टर ऐका, बॉडी हॅमर ऐका. ब्लास्ट बीट (मशीनगनसारखे सलग ड्रम) आणि ट्रेमोलो (एकच नोट भराभर छेडणं) यांचा धो धो पाऊस शोधाल तर मात्र हात हलवत परत याल.

स्ट्रीटक्लीनरवर गिटार रिफ वाजवते असं म्हणणंच जरा धाडसाचं आहे. रिफ बास वाजवतो, तो पण असा डिस्टॉर्ट केलेला बास की पहिल्यांदा गिटारच वाटतो, आणि गिटार त्याच्यावर फीडबॅक, किंचाळ्या, बेसूर कॉर्ड असलं काहीतरी पसरवत राहते. लाइक रॅट्स आणि क्राइस्टबेट रायझिंग ही पहिली दोन गाणी, यात सगळा अल्बम कळतो. क्राइस्टबेट रायझिंगला तर बीट असा आहे की मान आपोआप हलते, त्यात हिपहॉपचा वास आहे आणि तो असणारच, ब्रॉड्रिक हिपहॉप ऐकणारा माणूस, पुढे त्या बाजूला बरंच काम पण केलंय त्याने. पण पल्प, ड्रीम लाँग डेड, डेव्हस्टेटर, ही अशी गाणी एकामागून एक यायला लागली की नवीन माणसाला वाटतं एकच गाणं चाललंय. तसं ते जवळजवळ आहेच.

आवाज, म्हणजे गाण्याचा. इथे प्युअर डेथवाल्यांची खरी भांडणं होतात. फियर फॅक्टरीचा गायक बर्टन सी. बेल एका ओळीला गुरगुरतो आणि पुढच्या ओळीला चक्क सुरात गातो, लांब, थंड, चर्चमध्ये गाताहेत तसा. एकाच गाण्यात ग्राउल आणि क्लीन असं आलटून पालटून करणं पुढे दोन हजारच्या दशकात इतक्या बँड्सनी केलं की आता ते ऐकून लोकांना झोप येते, त्यामुळे आज पहिल्यांदा डीमॅन्युफॅक्चर ऐकणाऱ्याला हे काय सगळेच करतात असं वाटू शकतं. उलटा हिशोब आहे तो, सगळे यांच्यामुळे करतात. रेप्लिका हे त्यातलं सगळ्यात गाजलेलं गाणं, पण माझं मत विचाराल तर झिरो सिग्नल ऐका, शेवटाकडे कीबोर्ड आणि क्लीन आवाज जिथे नेतात ते या सगळ्या प्रकारातलं सगळ्यात सुंदर ठिकाण आहे. तुम्ही १९९५ च्या मॉर्टल कॉम्बॅट पिक्चरची कॅसेट कधी ऐकली असेल तर हे गाणं तुम्हाला आधीच माहिती आहे, त्या साउंडट्रॅकवर होतं ते.

ब्रॉड्रिकचा आवाज याच्यापुढे एकसुरी आहे. ओरडणं आहे, खोल आहे, शब्द मोजके आहेत आणि तेच ते परत येतात. डेथ मेटलच्या ग्राउलच्या जवळ आहे पण त्यात दाखवायची हौस नाही, बघा मी किती खाली जाऊ शकतो असलं काही नाही. मला हा आवाज जास्त खरा वाटतो. पण ज्याला गाणं गुणगुणता यायला हवं त्याने इकडे फिरकूच नये.

विषयाच्या बाबतीत डीमॅन्युफॅक्चर सरळ टर्मिनेटरच्या घरचा आहे, माणूस विरुद्ध मशीन, माणूस विरुद्ध सिस्टिम, एका गाण्याचं नावच एच-के, म्हणजे त्या पिक्चरमधली हंटर-किलर यंत्रं. पुढच्या ऑब्सोलीटमध्ये, १९९८ च्या, त्यांनी ही गोष्ट अजून पद्धतशीर लिहिली. मजा येते पण सायफाय आहे, पॉपकॉर्न घेऊन बसा. स्ट्रीटक्लीनरमध्ये भविष्य वगैरे काही नाही, जे आहे ते आत्ताचं आहे, माणसांचा तिटकारा आहे, स्वतःचा पण आहे. बर्मिंगहॅम कारखान्यांचं शहर, तिथूनच ब्लॅक सबाथ आले, त्यांच्या टोनी आयोमीची बोटांची टोकं शीट मेटलच्या कारखान्यात मशीनखाली गेली होती आणि तरी तो गिटार वाजवतच राहिला, हा किस्सा मेटलवाल्यांना पाठ असतो. तर त्या गावात इंडस्ट्रियल म्हणजे पिक्चरमधला रोबोट नाही, घराच्या मागच्या गल्लीतली गोष्ट आहे. इथे नाशिककराला, विशेषतः सातपूर-अंबडच्या माणसाला, काही वेगळं समजवायला नको. आमच्या प्रेस शॉपवाल्याला मी लाइक रॅट्स ऐकवलं तर म्हणाला भाऊ, मी आत्ताच आठ तास हेच ऐकून आलोय, घरी पण हेच लावू का. हा विनोद नाही हं, हा निर्णयाचा मुद्दा आहे. तुम्हाला संगीतातून कामाच्या बाहेर जायचंय की कामाच्या आत अजून खोल जायचंय, ते ठरवा.

प्रोडक्शनबद्दल जरा सविस्तर बोलतो कारण रेकॉर्ड घेताय तर पैसे त्याचेच देताय.

डीमॅन्युफॅक्चर रेकॉर्ड केला कॉलिन रिचर्डसनने, हा तोच माणूस ज्याने कारकस या बँडचा हार्टवर्क केला, म्हणजे डेथ मेटल कसं वाजायला पाहिजे हे त्याला शिकवायची गरज नव्हती. पण त्याने केलेला मिक्स बँडला पटला नाही, त्यात गिटार पुढे आणि कीबोर्ड मागे होते, आणि यांना कीबोर्ड हवे होते. मग मिक्स परत केला तो रीस फुल्बर आणि ग्रेग रीली यांनी बँडसोबत बसून. फुल्बर हा फ्रंट लाइन असेंब्ली या इलेक्ट्रॉनिक बँडमधला, म्हणजे मेटलवाला नाहीच मुळात. त्याने १९९३ ला यांच्या गाण्यांचे रीमिक्स करून फियर इज द माइंडकिलर नावाची ईपी (छोटी रेकॉर्ड) केली होती, ओळख तिथली. आता विचार करा, तीच गाणी, तेच टेक, आणि डेथ मेटलच्या माणसाचा मिक्स बाजूला ठेवून इलेक्ट्रॉनिकच्या माणसाचा मिक्स ठेवला. हा अल्बम कुठल्या बाजूला झुकलाय याचं यापेक्षा स्पष्ट उत्तर मिळणार नाही. ज्याला डेथ मेटल जास्त आणि इंडस्ट्रियल फोडणीपुरतं हवंय त्याने हे लक्षात ठेवूनच घ्यावा.

त्याचा फायदा असा की डीमॅन्युफॅक्चर कशावरही वाजतो. किकमध्ये टिक असा वरचा आवाज आहे तो स्वस्तातल्या इअरफोनमधून पण येतो, कंपनीच्या बसमध्ये, नाशिकच्या द्वारकेच्या ट्रॅफिकमध्ये अडकलात तरी येतो. स्ट्रीटक्लीनरचं तसं नाही. त्याचा अर्धा जीव बासमध्ये आहे आणि छोट्या ब्लूटूथ स्पीकरवर तो बास जातोच, मग उरते फक्त किरकिर आणि टकटक, आणि लोक म्हणतात यात काय एवढं. मोठे स्पीकर असतील, शेजारी गावाला गेले असतील, तर मात्र स्ट्रीटक्लीनर जे करतो ते डीमॅन्युफॅक्चर करू शकत नाही, भिंतीतून येतो तो. रेकॉर्ड प्लेअरला जोडलेला ॲम्प्लिफायर आणि स्पीकर कसले आहेत हे बघितल्याशिवाय स्ट्रीटक्लीनरवर पैसे घालू नका, हे मनापासून सांगतो.

कव्हर दोन्हींची भारी आहेत, त्यात स्ट्रीटक्लीनरचं तर अल्टर्ड स्टेट्स या १९८० च्या पिक्चरमधलं दृश्य आहे, आगीच्या लाल उजेडात क्रूसावर चढवलेली माणसं. घरात देवघराशेजारी रेकॉर्डचा रॅक असेल तर जागा बदला.

आता कुणीतरी म्हणणारच की या दोघांत डेथ मेटल आहे कुठे. रास्त आहे. तर बाकीचे पर्याय.

फियर फॅक्टरीचाच पहिला अल्बम, सोल ऑफ अ न्यू मशीन, १९९२ चा. यात डेथ मेटल भरपूर आहे, ब्लास्ट आहेत, ग्राउल आहे, कॉलिन रिचर्डसनच आहे, आणि गाणी सतरा आहेत. सतरा! त्यातली दहा ठेवली असती तर हा लेख वेगळा झाला असता. यात मशीन अजून नीट बसलेली नाही, गाणं चालू असतं आणि मधे सँपल येऊन जातात. डेथवाल्याला पहिल्या दिवशी हाच जास्त आवडेल, वर्षभराने कपाटातून काढाल का ते सांगता येत नाही.

मॉर्बिड एंजलचा इलुड डिव्हिनम इन्सेनस. २०११. याच्याबद्दल बोलायला बसलो की ग्रुपमध्ये अजून भांडणं होतात. फ्लोरिडाचा हा बँड, आल्टर्स ऑफ मॅडनेस आणि कव्हनंट देणारा, डेथ मेटलचं विद्यापीठच म्हणा. आठ वर्षांनी अल्बम येणार, डेव्हिड व्हिन्सेंट आवाजाला परत आलेला, ड्रमर पीट सँडोव्हलचं पाठीचं ऑपरेशन झाल्यामुळे ड्रम्सला टिम युंग, सगळे वाट बघतायत, आणि पहिलं खरं गाणं लागतं टू एक्स्ट्रीम, ज्यात धाड धाड डान्स बीट सहा मिनिटं. पुढे डिस्ट्रक्टोज नावाचं परेडचं गाणं. शेवटाकडे रॅडिकल्ट, जे ऐकून मला मॅरिलिन मॅन्सनच्या शाळेतला मधल्या बाकावरचा मुलगा आठवला. लोक चिडले, आणि एवढे चिडले की आज त्याचं नाव शिवीसारखं वापरतात.

पण चिडण्याचं कारण लोक चुकीचं सांगतात. म्हणतात डेथ मेटलमध्ये इंडस्ट्रियल घुसवलं म्हणून वाईट. अहो याच बँडची दोन गाणी १९९४ ला स्लोव्हेनियाच्या लायबाखने रीमिक्स केली होती, ती ईपी आजही भारी वाटते. प्रॉब्लेम इंडस्ट्रियलचा नाहीच. प्रॉब्लेम हा की अल्बमवर दोन वेगवेगळे बँड आहेत, एकीकडे एक्झिस्टो व्हल्गोरे, ब्लेड्स फॉर बाल, नेव्हरमोर अशी अस्सल डेथ मेटलची गाणी, आणि दुसरीकडे बीटवाली गाणी, आणि दोघांची भेटच होत नाही. मशीन डेथ मेटलच्या आत शिरत नाही, शेजारच्या खोलीत वाजत राहते. डेथची तेवढी तीन गाणी स्ट्रीमिंगवर ऐका, खरंच चांगली आहेत, पैसे घालू नका. बँड पण पुढे व्हिन्सेंटशिवाय, स्टीव्ह टकरला परत आणून, २०१७ च्या किंगडम्स डिस्डेन्डमध्ये साध्या सरळ डेथ मेटलला परत आला.

स्ट्रॅपिंग यंग लॅडचा सिटी, १९९७. कॅनडाच्या डेव्हिन टाउनसेंडचा बँड, ड्रम्सला जीन होग्लन, जो डेथ बँडच्या इंडिव्हिज्युअल थॉट पॅटर्न्स आणि सिम्बॉलिकवर वाजवून आलेला, म्हणजे डेथच्या फॅनला ओळखीचे पाय. नऊ गाणी, चाळीस मिनिटांच्या आत खेळ खलास. इथे मशीन, कीबोर्ड, गिटार, आरडाओरडा सगळं एकमेकांवर इतकं रचलंय की वेगळं काढता येत नाही, महानगराचा गोंगाट म्हणतात तो हा. डेथ मेटल कमी, वेडेपणा जास्त. पण ऑल हेल द न्यू फ्लेश एकदा ऐकाच. प्रामाणिकपणे सांगायचं तर आज मूड कसा आहे त्यावर मी कधी कधी या सगळ्यांच्या वर सिटी ठेवतो, पण पहिली रेकॉर्ड म्हणून नाही सांगणार, याने कान दमतात.

आणि ज्याला खरोखर आजचं, फास्ट, ब्लास्टवालं डेथ मेटल हवंय आणि त्यात इंडस्ट्रियलचा गंज हवाय त्याने सिडनीच्या द अमेंटाकडे जावं. ऑकेसस २००४ चा, त्यापासून सुरू करा. नॉर्वेच्या झायक्लॉनचा वर्ल्ड ऑव्ह वर्म्स, २००१, एम्परर बँडमधले सॅमॉथ आणि ट्रिम यांचा, तो पण त्याच घरातला, जरा थंड. मिळायला कठीण, पण मिक्स अगदी शब्दशः जे मागताय ते.

परत मूळ भांडणावर. अंबडवाल्याला मी डीमॅन्युफॅक्चर सांगितला. कारण तो डेथ मेटलमधून येतोय, त्याला टाइट वाजवणं कळतं आणि आवडतं, हेरेराचे पाय ऐकून तो खुश होणार हे मला माहिती आहे, त्याचे स्पीकर साधे आहेत, आणि आठ तास पॉवर प्रेसशेजारी उभं राहून आल्यावर स्ट्रीटक्लीनर लावावासा वाटणारा माणूस तो नाही. क्लीन आवाजाला तो आधी नाक मुरडेल, महिन्याभरात बाथरूममध्ये रेप्लिका गाईल.

हेच जर कुणी डूम मेटल ऐकणारा असता, इलेक्ट्रिक विझर्ड, जुना सबाथ, किंवा स्वान्स वगैरे ऐकून आलेला, स्लो गाण्याचा कंटाळा न येणारा, घरी नीट स्पीकर असलेला, तर मी दुसरा विचार न करता स्ट्रीटक्लीनर म्हटलं असतं. आणि दोन्हींतला मोठा अल्बम कुठला असं कुणी गळा धरून विचारलं तर स्ट्रीटक्लीनरच, कारण डीमॅन्युफॅक्चरसारखं करणारे नंतर ढिगाने आले, काही तर जवळपास तसंच करून गेले, स्ट्रीटक्लीनरसारखं करायला गेलेल्यांचं मात्र बहुतेक नुसतं स्लो होतं. पण मोठा कुठला आणि तुम्ही आधी कुठला घ्यायचा हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

ऑर्डर करताना एवढं बघा. रीमॅन्युफॅक्चर नावाचा अल्बम दिसेल, १९९७ चा, नाव सारखंच, तो डीमॅन्युफॅक्चरच्या गाण्यांचे रीमिक्स आहे, घाईत तोच कार्टमध्ये जातो. तो वाईट नाही, पण आधी मूळ. दोन्ही एकत्र हवे असतील तर २००५ ची दोन सीडींची एडिशन आहे, जुनी मिळाली तर सोडू नका. स्ट्रीटक्लीनरच्या मूळ रेकॉर्डवर दहा गाणी होती आणि सीडीवर चौदा, जास्तीची चार टायनी टिअर्स नावाच्या ईपीची, त्यामुळे रेकॉर्ड घेताना गाणी मोजून घ्या. मला स्वतःला दहावालीच बरोबर वाटते, लोकस्ट फर्नेसवर संपायला पाहिजे ती.